लॉगिंग फ्रेमवर्कचं कॉन्फिगरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात जिनिंगचा वजनकाटा, आडत दुकानाची हिशेबपट्टी, पतसंस्थेची रोजकीर्द यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी लॉगिंगबद्दल, म्हणजे प्रोग्रॅमने काय केलं याची नोंद ठेवण्याबद्दल, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जावा आणि पायथॉन या दोन भाषांबद्दलच बहुतेक विचारणा होते, म्हणून उदाहरणंही त्यांचीच. सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

१. सिस्टम आउट प्रिंटलाइनने माझं काम भागतं. मग लॉगिंग फ्रेमवर्क कशाला?

तुमच्या लॅपटॉपवर भागतं, कारण स्क्रीनसमोर तुम्ही बसलेले असता. शहाद्याच्या जिनिंगमध्ये तोच प्रोग्रॅम विंडोज सर्व्हिस म्हणून चालतो, तिथे स्क्रीनच नसते आणि प्रिंट केलेली ओळ हवेत जाते. फ्रेमवर्क तीन गोष्टी वेगळ्या करतं. काय नोंदवायचं हे लॉगर ठरवतो. नोंद कुठे जाईल, म्हणजे फाइल, कन्सोल की दुसरा सर्व्हर, हे अपेंडर ठरवतो. पायथॉनमध्ये त्याला हँडलर म्हणतात. ओळ कशी दिसेल हे एन्कोडर किंवा फॉरमॅटरच्या हाती. हे तिन्ही कोडला हात न लावता बदलता येतं, आणि सगळी सोय त्यातच आहे. रात्री फोन येतो, तुम्ही दीडशे किलोमीटर लांब असता, आणि हाताशी फक्त ती फाइल असते. पुढची सगळी उत्तरं तिथूनच विचार करून दिली आहेत.

२. एसएलएफफोरजे, लॉगबॅक, लॉगफोरजे, जेयूएल… इतक्या नावांतून मी कोणतं घेऊ?

एसएलएफफोरजे हा फक्त दर्शनी भाग आहे. तुमचा कोड त्याच्याशी बोलतो आणि खरं लिहिण्याचं काम खालचं फ्रेमवर्क करतं. लॉगबॅक, लॉगफोरजे २ आणि जावासोबत १.४ आवृत्तीपासून येणारं जेयूएल ही त्या खालच्या कामाची नावं. लॉगफोरजे १ ची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्येच थांबली, त्यामुळे नव्या कामात ते नकोच. स्प्रिंग बूट हे जावाचं लोकप्रिय फ्रेमवर्क स्वतःच लॉगबॅक आणतं. लहान टीमने एसएलएफफोरजे आणि लॉगबॅक ही जोडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र क्लासपाथवर (जावा जिथे क्लास आणि लायब्ररी शोधतं तिथे) खालचं फ्रेमवर्क एकच असू द्या. दोन असतील तर एसएलएफफोरजे सुरुवातीलाच इशारा देतं आणि त्यांतलं एक निवडतं. तुम्हाला हवं तेच निवडेल याची खात्री नसते.

पायथॉनवाल्यांना ही चिंता नाही. लॉगिंग मॉड्यूल २.३ आवृत्तीपासून भाषेसोबतच येतं.

३. ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर यांतलं कोणतं कधी वापरायचं?

वजनकाट्याचं उदाहरण घ्या. कापसाची गाडी आली, भरलेलं वजन झालं, पावती निघाली: हे इन्फो. काट्याने पहिल्यांदा उत्तर दिलं नाही, तिसऱ्या प्रयत्नात वजन मिळालं: हे वॉर्न. काम झालं, पण खटकलं. पावती डेटाबेसमध्ये गेलीच नाही: हा एरर. सीरियल पोर्टवरून आलेले कच्चे बाइट डीबगमध्ये, आणि प्रत्येक बाइट कसा वाचला हे ट्रेसमध्ये.

सगळ्यात जास्त गैरवापर होतो तो एररचा. मुनिमाने पासवर्ड चुकीचा टाकला तर प्रोग्रॅमचं काहीच बिघडलेलं नसतं. ते इन्फो किंवा फार तर वॉर्न. एरर दिसला की कुणीतरी उठून काहीतरी करायला हवं, एवढी एकच कसोटी लावा. रोज शंभर एरर दिसले की शंभर-एकावा खरा एरर कुणीच वाचत नाही.

लॉगबॅकमध्ये फेटल ही पातळी नाही, लॉगफोरजे २ मध्ये आहे. पायथॉनमध्ये वॉर्नला वॉर्निंग म्हणतात आणि एररच्या वर क्रिटिकल असते. ट्रेस मात्र नाही.

४. कॉन्फिगरेशन कोडमध्येच लिहिलं तर काय बिघडतं? आणि फाइल ठेवायची कुठे?

कोडमध्ये लिहिलं की पातळी इन्फोवरून डीबगवर नेण्यासाठी नवा जार (जावा प्रोग्रॅमची तयार फाइल) बांधून ग्राहकाकडे पाठवावा लागतो. फाइल बाहेर असेल तर तिथल्या ऑपरेटरला फोनवर एक शब्द बदलायला सांगता येतो.

लॉगबॅक आधी क्लासपाथवर लॉगबॅक-टेस्ट डॉट एक्सएमएल शोधतं, नंतर लॉगबॅक डॉट एक्सएमएल. जारबाहेरची फाइल द्यायची असेल तर लॉगबॅक डॉट कॉन्फिगरेशनफाइल ही सिस्टम प्रॉपर्टी द्या. स्प्रिंग बूटमध्ये हेच काम लॉगिंग डॉट कॉन्फिग करतं. फाइलच्या पहिल्या टॅगमध्ये स्कॅन ट्रू लिहिलं की लॉगबॅक दर मिनिटाला फाइल बदलली का ते पाहतं, प्रोग्रॅम बंद-चालू करावा लागत नाही. अपवाद एक: स्प्रिंगचे खास टॅग वापरणाऱ्या लॉगबॅक-स्प्रिंग डॉट एक्सएमएलमध्ये हे स्कॅन चालत नाही. तिथे ॲक्च्युएटरच्या (स्प्रिंग बूटचा देखरेखीचा भाग) लॉगर्स एंडपॉइंटवरून, म्हणजे त्याच्या वेबपत्त्यावरून, चालू प्रोग्रॅमची पातळी बदलता येते. तो एंडपॉइंट कुलूपबंद ठेवायला विसरू नका.

५. फाइल ठेवली, तरी कॉन्फिगरेशन लागूच होत नाही. शोधायचं कसं?

लक्षणावरून बरंच कळतं. स्क्रीनवर डीबगचा पूर आला असेल तर लॉगबॅकला तुमची फाइल सापडलेलीच नाही. फाइल नसली की ते सगळं डीबगपासून कन्सोलवर ओततं. एसएलएफफोरजेला प्रोव्हायडर सापडला नाही असा संदेश येऊन पुढे शुकशुकाट असेल तर खालचं फ्रेमवर्कच जोडलेलं नाही. फाइल सापडली पण तयार होणारा लॉग रिकामा असेल तर पहिल्या टॅगमध्ये डीबग ट्रू लिहा. यामुळे तुमच्या लॉगची पातळी बदलत नाही, फक्त लॉगबॅक स्वतः काय वाचलं आणि कुठे अडलं ते छापतं. नेहमीची कारणं: फाइल रिसोर्सेस फोल्डरमध्ये नाही, नावात चूक आहे, किंवा एखाद्या लायब्ररीच्या जारमध्येही त्याच नावाची फाइल आहे.

स्प्रिंग बूटमध्ये काहीच सांगितलं नसेल तर लॉग फक्त कन्सोलवर जातो. लॉगिंग डॉट फाइल डॉट नेम किंवा लॉगिंग डॉट फाइल डॉट पाथ दिल्याशिवाय फाइल तयार होत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

६. पायथॉनमध्ये इन्फोच्या ओळी दिसतच नाहीत. बेसिककॉन्फिग लिहिलंय की!

रूट लॉगरची (सगळ्यांच्या वरच्या लॉगरची) मूळ पातळी वॉर्निंग असते, म्हणून काही न सांगता इन्फो दिसत नाही. बेसिककॉन्फिग लिहूनही दिसत नसेल तर बहुधा ते उशिरा बोलावलं गेलंय. रूटला आधीच एखादा हँडलर लागलेला असेल तर बेसिककॉन्फिग काहीच करत नाही आणि तक्रारही करत नाही. त्याआधी कुणी नुसतं लॉगिंग डॉट इन्फो बोलावलं असेल तरी हँडलर लागून जातो. ३.८ पासून फोर्स ट्रू देता येतं. त्याने जुने हँडलर काढून नवे लावले जातात.

दुसरा सापळा डिक्टकॉन्फिगचा, म्हणजे डिक्शनरीतून सगळं कॉन्फिगरेशन देण्याचा. त्यातलं डिसेबल-एक्झिस्टिंग-लॉगर्स हे मूळचं ट्रू असतं. म्हणजे मॉड्यूल आयात होताना तयार झालेले आणि कॉन्फिगमध्ये नाव नसलेले लॉगर गप्प केले जातात. ते फॉल्स करा. आणि लॉगरची पातळी व हँडलरची पातळी अशा दोन्ही चाळण्यांतून ओळ पार व्हावी लागते, हे तपासा.

७. एकच ओळ दोनदा, कधी तीनदा येते. का?

लॉगर झाडासारखे एकाखाली एक असतात आणि ओळ खालून वर चढत जाते. तुमच्या पॅकेजच्या लॉगरला फाइल अपेंडर लावला आणि रूटलाही तोच लावला, तर ओळ दोन्हीकडे लिहिली जाते. लॉगबॅकमध्ये त्या लॉगरवर ॲडिटिव्हिटी फॉल्स करा, पायथॉनमध्ये प्रोपगेट फॉल्स. पायथॉनमध्ये ओळींची संख्या तासागणिक वाढत जात असेल तर कारण वेगळं: एखादं फंक्शन दर वेळी ॲडहँडलर करतंय. हँडलर प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच लावायचा.

८. लॉगने डिस्क भरली आणि डेटाबेसच बंद पडला. फाइलला मर्यादा कशी घालू?

आधी हिशेब करा. एक ओळ २०० बाइटची आणि सेकंदाला ५० ओळी धरल्या, तर दिवसाला ८६४ एमबी होतात. जुन्या डेस्कटॉपच्या डिस्कवर थोडीच जागा उरली असेल तर ती काही आठवड्यांत संपते.

लॉगबॅकमध्ये रोलिंगफाइलअपेंडर घ्या आणि त्याला साइझअँडटाइमबेस्डरोलिंगपॉलिसी द्या. फाइलनावाच्या पॅटर्नमध्ये %डी (तारीख) आणि %आय (अनुक्रमांक) दोन्ही हवेत. %आय नसेल तर पॉलिसी चालत नाही. मॅक्सफाइलसाइझ १० एमबी, मॅक्सहिस्टरी ३० आणि टोटलसाइझकॅप १ जीबी, ही लहान दुकानासाठी चांगली सुरुवात आहे. टोटलसाइझकॅप लागू होण्यासाठी मॅक्सहिस्टरी द्यावीच लागते. आणि मॅक्सहिस्टरी म्हणजे दिवस नव्हे, पॅटर्नमधला कालखंड: पॅटर्नमध्ये फक्त वर्ष-महिना असेल तर ३० म्हणजे तीस महिने. नावाच्या शेवटी जीझेड लिहिलं की जुन्या फाइली आपोआप दाबून ठेवल्या जातात.

पायथॉनच्या रोटेटिंगफाइलहँडलरला मॅक्सबाइट्स आणि बॅकअपकाउंट दोन्ही द्या. यांतलं एकही शून्य असेल तर फाइल कधीच फिरत नाही, नुसती वाढत जाते. डॉकर वापरणाऱ्यांसाठी: जेसन-फाइल ड्रायव्हरला मूळची कुठलीच मर्यादा नसते, मॅक्स-साइझ तुम्हीच द्यायचा.

९. लॉग किती दिवस ठेवायचे? काही नियम आहे का?

आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग सरकत्या १८० दिवसांसाठी जपायचे आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवून ठेवायची आहेत. म्हणजे वर सांगितलेले ३० दिवस पतसंस्थेसारख्या ठिकाणी पुरणार नाहीत. चालू मशीनवर ३० दिवस ठेवा आणि बाकीचे दाबलेल्या स्वरूपात वेगळ्या ठिकाणी हलवा. टोटलसाइझकॅप जुन्या फाइली पुसून टाकतो, तेव्हा हलवण्याचं काम त्याच्या आधी झालेलं असू द्या.

१०. लॉगमध्ये काय कधीच लिहू नये?

पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक, पूर्ण खाते क्रमांक, कार्डचे तपशील, लॉगिनचं टोकन. आडत आणि जिनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याचं आधार आणि बँक खातं दोन्ही असतं. त्याने ते विश्वासाने दिलेलं असतं, आणि लॉग फाइल मात्र व्हॉट्सॲपवर सहज फिरते. ‘भाऊ, लॉग पाठवतो, बघा जरा’ म्हणून आलेल्या फाइलींत लोकांची पूर्ण आधार माहिती मी पाहिली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. पण कायदा नसता तरी हे करू नये.

गळती बहुधा मुद्दाम होत नाही. पूर्ण ऑब्जेक्ट लॉगमध्ये टाकला की त्याची टूस्ट्रिंग सगळी फील्डं छापते. आलेली विनंती हेडरसकट छापली की टोकन जातं. हायबरनेटची (जावाची डेटाबेस लायब्ररी) ट्रेस पातळी चालू राहिली की क्वेरीत भरलेली मूल्यं दिसतात. म्हणून टूस्ट्रिंगमध्येच शेवटचे चार अंक सोडून बाकी झाका.

आणखी एक: वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर तसाच लिहू नका. त्यात नवी ओळ घालून कुणी खोटी नोंद तयार करू शकतो. लॉगबॅकच्या पॅटर्नमध्ये %रिप्लेस वापरून ओळबदलाची चिन्हं काढून टाका.

११. शेतकऱ्यांची मराठी नावं लॉगमध्ये प्रश्नचिन्हं होऊन येतात. उपाय काय?

आधी नेमकं काय दिसतंय ते पाहा. टोप्या घातलेली विचित्र लॅटिन अक्षरं असतील तर फाइल बरोबर आहे, उघडणारा प्रोग्रॅम ती चुकीच्या एन्कोडिंगने वाचतोय. खरोखरची प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं लिहितानाच गेली, ती परत मिळणार नाहीत. एन्कोडरमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. जावा १८ पासून मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं. त्याआधी ते ऑपरेटिंग सिस्टमवर अवलंबून होतं, म्हणून लिनक्सवर चालणारा प्रोग्रॅम दुकानातल्या विंडोजवर नावं खातो. पायथॉनमध्ये फाइलहँडलरला एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या. विंडोजच्या काळ्या खिडकीत नीट दिसत नसेल तर सीएचसीपी ६५००१ ही आज्ञा चालवून पाहा.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘धुळे’ हा शब्द काना-मात्रांसकट १२ बाइटचा होतो. प्रश्न ८ मधला हिशेब करताना हे धरा.

१२. मग लॉगचे संदेशच मराठीत लिहिले तर चालेल?

चालेल, आणि जिथे ऑपरेटर स्वतः फाइल उघडतो तिथे लिहावेच. ‘काट्याकडून उत्तर नाही, केबल तपासा’ ही ओळ वाचून नंदुरबारचा ऑपरेटर केबल तपासतो, तुमच्या फोनची वाट पाहत नाही. फक्त शोधायला सोपं जावं म्हणून प्रत्येक संदेशाला एक ठरलेला सांकेतिक क्रमांक द्या.

१३. वेळ भारतीय लिहायची की यूटीसी?

दोन्ही चालतात, पण फरक ओळीतच लिहिलेला हवा, म्हणजे वेळेच्या शेवटी +०५:३०. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतात. रावेरहून पहाटे चारला निघालेल्या केळीच्या गाडीची नोंद तिथे आदल्या तारखेच्या रात्री १०:३० ची दिसते, आणि व्यापारी म्हणतो की गाडी त्या दिवशी नव्हतीच. लॉगबॅकच्या %डी मध्ये स्वरूपानंतर एशिया/कोलकाता हा टाइमझोन देता येतो.

खेड्यातल्या जुन्या पीसीची मदरबोर्डवरची बॅटरी गेलेली असते. लाइट जाऊन आली की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि लॉगची फाइल भलत्याच तारखेने तयार होते. सुरुवातीलाच घड्याळ तपासून वॉर्न लिहिणारी एक ओळ घालून ठेवा.

१४. एक्सेप्शन लॉगमध्ये नीट कसं लिहायचं?

एसएलएफफोरजेमध्ये एक्सेप्शन शेवटचा आर्ग्युमेंट म्हणून द्या, त्याच्यासाठी वेगळा {} (संदेशात मूल्य भरायची जागा) ठेवू नका. मग पूर्ण स्टॅकट्रेस, म्हणजे चूक कोडमध्ये कुठून कुठे आली त्याची यादी, येतो. नुसतं गेटमेसेज लिहिलं तर कित्येकदा ‘नल’ एवढंच हाती लागतं. पायथॉनमध्ये एक्सेप्ट ब्लॉकच्या आत लॉगर डॉट एक्सेप्शन वापरा. प्रत्येक थरात लॉग करून पुन्हा फेकू नका. एकाच बिघाडाचे चार स्टॅकट्रेस चार बिघाडांसारखे दिसतात.

१५. लॉगिंगने प्रोग्रॅम मंद होतो का? असिंक वापरू का?

संदेश + चिन्हाने जोडत बसलात तर पातळी बंद असतानाही स्ट्रिंग तयार होते; {} वापरलं तर होत नाही. पॅटर्नमधले ओळक्रमांक आणि मेथडचं नाव महाग पडतात, ते काढा. एवढ्यानेच बहुतेकांचं काम होतं.

असिंक म्हणजे नोंद आधी रांगेत ठेवून नंतर लिहिणं. लॉगबॅकच्या असिंकअपेंडरची रांग मूळची २५६ नोंदींची असते. रांगेत २० टक्के जागा उरली की तो ट्रेस, डीबग आणि इन्फो टाकून देतो. ते नको असेल तर डिस्कार्डिंगथ्रेशोल्ड शून्य करा. पण जिथे भारनियमन आहे आणि यूपीएस नाही, तिथे मी असिंक लावत नाही. लाइट गेली की रांगेतल्या नोंदी जातात, आणि शोधायच्या असतात त्या नेमक्या शेवटच्या ओळी. सेकंदाला हजारो नोंदी असलेल्या सर्व्हरवर मात्र तो जरूर लावा.

१६. एकाच वेळी अनेक जण वापरतात तेव्हा कुणाची ओळ कोणती तेच कळत नाही.

त्यासाठी एमडीसी आहे, म्हणजे प्रत्येक थ्रेडची स्वतःची माहिती ठेवायची जागा. विनंती आली की पावती क्रमांक एमडीसीत ठेवा आणि पॅटर्नमध्ये %एक्स लिहा, म्हणजे प्रत्येक ओळीला तो क्रमांक लागतो. काम संपल्यावर फायनली ब्लॉकमध्ये तो काढलाच पाहिजे, कारण थ्रेड पुन्हा वापरला जातो आणि एका शेतकऱ्याचा क्रमांक दुसऱ्याच्या ओळींवर चिकटतो. थ्रेडपूलमध्ये काम सोपवताना एमडीसी आपोआप सोबत जात नाही. आधी नक्कल घेऊन नव्या थ्रेडमध्ये भरावी लागते. पायथॉनमध्ये कॉन्टेक्स्टव्हार्स आणि एक फिल्टर मिळून हेच काम करतात.

१७. काल पूर्ण स्टॅकट्रेस येत होता, आज फक्त ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’ एवढंच. कॉन्फिग बिघडलं का?

नाही. तेच एक्सेप्शन त्याच जागी फार वेळा आलं की जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली) वेग वाचवण्यासाठी स्टॅकट्रेस गाळतं. जुन्या फाइलींत मागे जा, पहिल्या काही वेळांचा पूर्ण ट्रेस तिथे सापडेल. म्हणूनही प्रश्न ८ मधली मॅक्सहिस्टरी फार लहान ठेवू नये. गाळणं बंद करायचं असेल तर ओमिटस्टॅकट्रेसइनफास्टथ्रो हा पर्याय वजा चिन्ह लावून द्या.

१८. दोन प्रोसेस एकाच फाइलमध्ये लिहू शकतात का?

टाळा. पायथॉनचं लॉगिंग थ्रेडसाठी सुरक्षित आहे, वेगवेगळ्या प्रोसेससाठी नाही. गनिकॉर्नचे (पायथॉनचा वेब सर्व्हर) चार वर्कर एकच फाइल फिरवू लागले की नोंदी हरवतात. विंडोजवर तर उघडी फाइल दुसऱ्या प्रोसेसला नाव बदलू देत नाही, रोटेशन तिथेच अडतं. प्रत्येक प्रोसेसची वेगळी फाइल करा, नावात प्रोसेस क्रमांक घाला. लॉगबॅकचा प्रूडंट मोड आहे, पण तो मंद आहे आणि त्यात जुन्या फाइली दाबता येत नाहीत.

१९. लॉगफोरजेचा २०२१ चा सुरक्षा दोष मला अजून लागू आहे का?

जुनं सॉफ्टवेअर चालू असेल तर तपासा. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या त्या दोषात लॉगमध्ये लिहिलेल्या मजकुरातूनच सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडतात. २.१५.० चा उपाय अपुरा ठरला. जावा ८ वर निदान २.१७.१ हवी. दोष लॉगफोरजे-कोअर या जारमध्ये आहे. तुमच्याकडे लॉगबॅक असेल आणि फक्त लॉगफोरजे-एपीआय दिसत असेल तर धोका नाही. मोठ्या जारच्या पोटात लपलेल्या जारही उघडून पाहा.

२०. माझ्या मशीनवर लॉग बनतो. ग्राहकाकडे सर्व्हिस म्हणून टाकलं की फाइलच सापडत नाही.

फाइलचा मार्ग सापेक्ष दिलाय, म्हणजे नुसतं ‘लॉग्स’ फोल्डर. विंडोज सर्व्हिसचं चालू फोल्डर सहसा सिस्टम३२ असतं, तिथे शोधा. तिथेही नसेल तर सर्व्हिस ज्या खात्यावर चालते त्याला लिहिण्याची परवानगी नाही. मार्ग पूर्ण द्या, तो एका प्रॉपर्टीत ठेवा, फोल्डर सर्व्हिसच्या खात्याच्या हक्काने तयार करा, आणि प्रोग्रॅम सुरू होताना लॉग कुठे जातोय ती जागा पहिल्याच ओळीत इन्फो म्हणून लिहा. प्रॉपर्टीचं नाव चुकलं तर लॉगबॅक त्याच नावाच्या शेवटी ‘इज अनडिफाइंड’ जोडून फाइल किंवा फोल्डर बनवतं. मशीनवर असं नाव दिसलं की प्रॉपर्टीचं स्पेलिंग तपासा.